सासूबाईंचं मूळ गाव शोधायला आम्ही जर्मनीत गेलो त्याची गोष्ट (जाणाऱ्यांसाठी टिपांसकट)

आमच्या सासूबाई अमेरिकन, पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या. आडनाव स्नायडर, मूळचं श्नायडर म्हणजे शिंपी, आणि शिंपी काय प्रत्येक गावात असतोच, त्यामुळे नुसत्या आडनावावर काही होत नाही. पूर्वज 1730 च्या दशकात आला एवढंच घरात माहीत होतं.

पहिली गोष्ट, आधी तिकीट काढू नका. गावाचं नाव अमेरिकेतच शोधा. 1727 पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या 16 वर्षांवरच्या जर्मन पुरुषांना राजनिष्ठेच्या शपथेच्या कागदावर सही करावी लागायची, ते कागद टिकलेत आणि छापलेतसुद्धा, पण त्यात जहाजाचं नाव, रॉटरडॅमहून आलं वगैरे असतं, गाव नसतं. आम्हाला गाव मिळालं ते अमेरिकेतल्याच लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चच्या मृत्यूनोंदीत. पाद्री कधीकधी जन्मगाव लिहून ठेवायचे, देव भलं करो त्यांचं.

गाव निघालं फाल्त्समधलं, म्हणजे जर्मनीच्या नैऋत्येकडच्या प्रांतातलं. मग फ्रँकफर्टला उतरून मानहाइमला गाडी बदलून श्पायर. तिथे फाल्त्सच्या प्रोटेस्टंट चर्चचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे. आधी मेल करून जागा ठरवा, आणि त्याच्याही आधी घरबसल्या आर्कियॉन ही वेबसाइट बघा, पैसे भरावे लागतात पण यातल्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदींच्या पुष्कळ वह्या तिथे स्कॅन केलेल्या आहेत, आम्हाला हे उशिरा कळलं आणि दीड दिवस फुकट गेला. कॅथलिक असाल तर मात्रिकुला ही वेबसाइट, ती फुकट.

वह्या म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या नामावळीसारखंच काहीतरी, आणि लिपी म्हणजे त्यांची मोडी. कुरेंट म्हणतात तिला. जर्मन येणाऱ्यालाही ती वाचता येतेच असं नाही, त्यामुळे निघायच्या आधी महिनाभर रोज थोडी गिरवा. आणि पोरगा जन्मला की योहान! योहान पेटर, योहान आडाम, योहान गेओर्ग, सख्खे भाऊ सगळे योहान, हाक मारायचं नाव दुसरं. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं, श्नायडरची श्नायडरिन, ते वेगळं घराणं समजून मी तासभर भलतीकडेच शोधत बसले. महिना '7बर' लिहिलेला असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. सप्त, अष्ट, नव, दश, आपल्याला खरं तर पटकन कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी आमचा पूर्वज सापडला, तोही योहानच. बाप्तिस्म्याची दोन ओळींची नोंद. सासूबाई काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसत बसल्या.

काइझरस्लाउटर्नला फाल्त्सचा इतिहास आणि लोकजीवनाची संस्था आहे, तिथे देश सोडून गेलेल्यांची कार्डं आहेत, तिकडेही आधी लिहूनच जा.

गावात मात्र जुनी थडगी शोधत फिरू नका. तिथे थडग्याची जागा भाड्याने असते, वीस-तीस वर्षांनी मुदत वाढवली नाही तर दुसऱ्याला. श्पायर तर 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने जाळलंच होतं, आजूबाजूलाही नासधूस केली, म्हणून काही वह्या त्यानंतरच सुरू होतात. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बऱ्याचशा खानावळीही बंद, आम्ही नेमके सोमवारी पोचलो आणि बिस्किटांवर दिवस काढला. दुसऱ्या दिवशी एका खानावळीच्या फळ्यावर 'ग्रुम्बेरे' लिहिलेलं, म्हणजे बटाटे. सासूबाई ओरडल्याच, माझी आजी हेच म्हणायची! शाळेतल्या जर्मनमध्ये कार्टोफेल म्हणतात, पण लँकेस्टरकडच्या जुन्या माणसांची बोली निघाली इथलीच.

आता नवीन घोळ. त्याच वहीत त्या योहानच्या आजोबाच्या लग्नाच्या नोंदीपुढे लिहिलंय, स्वित्झर्लंडमधल्या बर्न इलाख्यातला. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात फाल्त्स ओस पडलं, त्यानंतर बरेच स्विस तिकडे वसायला आले, त्यातलाच हा. विमानातच सासूबाईंनी विचारलं, बर्नला कुठून जवळ पडतं गं?