तुम्ही विचारलंत म्हणून: सात हजार माणसांच्या क्रूझवर गर्दी होत नाही का?

प्रश्न साधारण असा असतो: ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर सहा-सात हजार प्रवासी असतात म्हणे, मग सुट्टीला चाललोय की जत्रेला? उत्तर आधीच देतो. जहाजाच्या आत, दिवसाचा बहुतेक वेळ, गर्दी जाणवत नाही. वरच्या उघड्या डेकवर मात्र ती जाणवते. याशिवाय काही ठरावीक वेळी ठरावीक दारांशी ती हमखास होते. या वेळा आणि जागा जवळपास प्रत्येक सफरीत त्याच असतात, त्यामुळे त्या चुकवता येतात.

आधी आकडे, कारण जाहिरातीतले आकडे अर्धेच असतात. जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. या टनेजला प्रवासीसंख्येने भागलं की दरडोई जागेचा अंदाज येतो. ‘आयकॉन’ २,४८,६६३ टनांचं आहे. एका केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६१० प्रवासी होतात, म्हणजे माणशी ४४. १९९०च्या ‘कार्निव्हल फॅन्टसी’चं टनेज ७०,३६७ आणि प्रवासी २,०५६, म्हणजे माणशी ३४. साडेतीनपट मोठं जहाज, तरी माणशी जागा जास्त. ‘क्वीन मेरी २’वर हाच आकडा ५५च्या आसपास जातो. म्हणून ‘जहाज मोठं म्हणजे दाटी जास्त’ हे समीकरण मुळातच चुकीचं आहे.

पण हा हिशोब केबिनमागे दोनच माणसं धरून केलेला असतो. बऱ्याच केबिनमध्ये सोफा-कम-बेड असतो, भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा पलंग असतो, आणि शाळांच्या सुट्ट्यांत ते सगळे भरतात. ‘आयकॉन’ची कमाल प्रवासीसंख्या ७,६०० आहे. तेवढे आले तर ४४चा आकडा ३३वर उतरतो. क्रूझ कंपन्यांच्या अहवालात १०० टक्क्यांहून जास्त भरणा दिसतो तो यामुळेच. त्यात कोणी जिन्यात झोपत नाही, फक्त तिसरा-चौथा पलंग हिशोबात आलेला असतो. कमाल संख्येला सुरक्षेचीही मर्यादा असते. प्रत्येक केबिन आणीबाणीच्या एका ठरावीक जमण्याच्या जागेशी आणि तिथल्या लाइफबोटींशी जोडलेली असते. ‘आयकॉन’च्याच कंपनीच्या, थोड्या लहान ‘ओअॅसिस ऑफ द सीज’वर ३७० माणसांच्या १८ लाइफबोटी आहेत. एखाद्या विभागातल्या जागा भरल्या की केबिनमध्ये पलंग रिकामा असला तरी तिथे तिसरा माणूस घेत नाहीत. चौघांसाठीच्या केबिनमध्ये मागाहून मुलाचं नाव घालायला जावं आणि नकार मिळावा, असं होतं ते बऱ्याचदा या कारणाने. सगळ्यांची नावं पहिल्या बुकिंगलाच घाला.

आता उघड्या डेकची गोष्ट, कारण खरी अडचण तिथे आहे. टनेजमध्ये फक्त बंदिस्त जागा मोजतात, पोहण्याचे तलाव असलेली गच्ची त्यात येत नाही. ही जहाजं वाढतात ती मुख्यतः उंचीत आणि रुंदीत. ‘क्वीन मेरी २’ ३४५ मीटर लांब आहे आणि प्रवासी २,६९१. ‘आयकॉन’ ३६५ मीटर लांब आणि प्रवासी दुपटीहून जास्त. मजले चढवत गेलं की केबिन वाढतात, उपाहारगृहं वाढतात, पण आकाशाखालची जागा त्या प्रमाणात वाढत नाही. त्यातही घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचा तलाव, चढाईची भिंत बसवायची असते. ‘आयकॉन’वर सात तलाव आहेत हे खरं, पण एकेक तलाव जाहिरातीतल्या फोटोत दिसतो त्यापेक्षा बराच लहान वाटतो. जहाज बंदरात न लागता दिवसभर समुद्रात असेल आणि ऊन स्वच्छ असेल, तर सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात मुख्य तलावाशेजारी जोडीने दोन रिकाम्या आरामखुर्च्या मिळणं अवघड. सकाळी सातलाच टॉवेल आणि पुस्तक ठेवून खुर्ची अडवणारे प्रत्येक सफरीत असतात. अर्धा-पाऊण तास कोणी फिरकलं नाही तर सामान उचलायचं, असा नियम बहुतेक कंपन्यांचा आहे. पण कर्मचाऱ्याला प्रवाशाशी वाद नको असतो, म्हणून अंमलबजावणी ढिली पडते. तिथल्या कर्मचाऱ्याला शांतपणे सांगा, त्याने वेळ नोंदवली की पुढचं काम तो करतो. स्वतः दुसऱ्याचा टॉवेल हलवू नका.

आणि मुळात तिथेच बसायचा हट्ट कशाला? याच जहाजांवर त्याच वेळी ओस पडलेल्या जागा असतात. ‘ओअॅसिस’ वर्गाच्या, म्हणजे तिच्याच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांवर पाचव्या डेकला जहाजाभोवती फिरणारी चालण्या-पळण्याची वाट आहे. एक फेरी सुमारे ७०० मीटरची, बहुतांश सावलीत, समुद्र अगदी जवळ. भरदुपारी तिथे मोजकी माणसं दिसतात. आठव्या डेकवरचं ‘सेंट्रल पार्क’ जहाजाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना केबिनच्या भिंती आणि वर मोकळं आकाश. हजारो खरी झाडं-रोपं, बाकं, आणि दिवसा कमालीची शांतता, कारण तिथे पाणी नाही आणि मोठ्याने संगीतही नाही. ज्या जहाजाचा आराखडा चांगला आहे, तिथे माणसं अशी सात-आठ भागांत विभागली जातात आणि सगळे एकदम एकमेकांना दिसत नाहीत. गर्दी जाणवणं हे किती माणसं आहेत यापेक्षा एका नजरेत किती दिसतात यावर अवलंबून असतं.

वेळांकडे येऊ. सगळ्यात वाईट वेळ पहिल्या दिवसाची दुपार. टर्मिनलवर साडेअकरा ते एक या वेळात सर्वाधिक लोक चढतात आणि केबिन साधारण एकच्या सुमाराला उघडतात. मधल्या तासाभरात हातात बॅगा घेतलेली हजारो माणसं एकाच ठिकाणी जातात, ती म्हणजे वरच्या मजल्यावरचा बुफे. पहिल्याच तासात बुफेत ताट घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं आणि ‘फार गर्दी आहे बुवा’ हे मत तिथेच पक्कं होतं. चेक-इनसाठी शक्य तितकी लवकरची वेळ घ्या, नाहीतर सरळ दोननंतरची. लवकर चढलात तर बुफेऐवजी खालच्या मजल्यावरचे लहान कॅफे शोधा. मुख्य भोजनगृहही काही जहाजांवर पहिल्या दुपारी उघडं असतं, फक्त ते कोणी सांगत नाही. जहाजाच्या अॅपवर बघा. सुरक्षा-सरावाची पूर्वीची खोळंबाखोळंबी बऱ्याच कंपन्यांनी कमी केली आहे. सूचनांची चित्रफीत फोनवर बघायची आणि आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायची. चढल्याबरोबर हे उरकून टाका. निघायच्या वेळेपर्यंत ठेवलं की रांग लागते.

दुसरी वेळ संध्याकाळी सहा ते आठ, आणि जागा लिफ्ट. केबिन मधल्या मजल्यांवर, मुख्य भोजनगृह खाली, बुफे वर, नाट्यगृह पुन्हा खाली. त्यामुळे सगळी वर्दळ उभी होते. ‘ओअॅसिस’वर प्रवाशांसाठी २४ लिफ्ट आहेत, तरी त्या दोन तासांत भरलेली लिफ्ट दार उघडून तशीच पुढे जाते. तीन मजल्यांपर्यंत जिना धरा, गुडघे साथ देत असतील तर. केबिन निवडताना उतरंड बघा: ज्या दोन ठिकाणी रोज जाणार, त्यांच्या मध्ये, लिफ्टच्या जवळ, पण लिफ्टला अगदी लागून नको. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर जेवणाची वेळ सव्वापाच-साडेपाचची किंवा थेट साडेआठची घ्या.

मोठ्या शोचंही गणित सोपं आहे. या वर्गातलं नाट्यगृह सुमारे १,४०० आसनांचं असतं. सहा हजार प्रवाशांना एक शो दाखवायचा तर चार-पाच प्रयोग लागतात. म्हणून आरक्षण अॅपवर सफरीच्या आधीच उघडतं आणि पहिल्या काही दिवसांत संपतं. आरक्षण नसेल तर प्रयोगाआधी दहा-पंधरा मिनिटं न आलेल्यांच्या जागा सोडतात, तेव्हा दाराशी उभं राहा. एक प्रयोग सुटताना आणि दुसऱ्याची रांग लागताना मात्र तिथे थांबू नका. हजाराहून जास्त माणसं आतून बाहेर येतात, तेवढीच बाहेर उभी असतात, आणि दोन्हींना वाट एकच असते. दहा मिनिटांत सगळं विरतं.

हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तर. बिघडतं कधी? जोराचा वारा सुटला की घसरगुंड्या आणि तलाव बंद होतात, पाऊस असेल तर गच्ची रिकामी होते, आणि ती सगळी माणसं आत येतात. समुद्र खवळल्याने बंदर रद्द झालं तर न ठरलेला आणखी एक दिवस जहाजावर काढावा लागतो. त्या दिवशी आतल्या कॅफेत, ग्रंथालयात, सगळीकडे दाटी वाटणारच. अशा दिवशी बाल्कनीच्या केबिनचे जास्तीचे पैसे वसूल होतात. उलट, बंदराच्या दिवशी बहुतेक लोक उतरतात. ज्या बंदरात तुम्हाला फारसा रस नाही तिथे उतरूच नका. दहा ते दोन तलाव, घसरगुंड्या, गरम पाण्याची कुंडं, सगळं जवळपास तुमचंच. उतरलात तर परत चढायच्या शेवटच्या तासाआधी या, कारण त्या तासात क्ष-किरण तपासणीची रांग धक्क्यावर लांबते. जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगरलं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेणार असतील, तर पहिल्या दोन तासांचा मोह टाळा.

सफर निवडताना जहाजाच्या आकाराआधी तारीख बघा. ख्रिसमस, मार्चमधली अमेरिकी शाळांची सुट्टी, जून ते ऑगस्ट, या काळात तिसरे-चौथे पलंग भरलेले असतात. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर घेतलं तर तेच जहाज बरंच मोकळं वाटतं, मात्र सप्टेंबरच्या कॅरिबियन सफरीत वादळाने मार्ग बदलण्याची शक्यता धरून चाला. तीन-चार रात्रींच्या सफरीत सगळ्यांना सगळं त्याच दोन दिवसांत करायचं असतं, म्हणून रांगा जास्त. सात रात्रींच्या सफरीत घसरगुंडीची हौस बऱ्याच जणांची लवकर फिटते.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगायला हवी. सुइटवाल्यांसाठी राखीव तलाव, राखीव डेक, राखीव उपाहारगृह असा जहाजातला वेगळा विभाग अनेक कंपन्या करतात. तो घेणाऱ्याला गर्दी जवळपास लागत नाही. पण ती जागा आधीच अपुऱ्या असलेल्या आकाशाखालच्या जागेतून कापलेली असते, आणि दरडोई जागेच्या सरासरीत मात्र राखीव भोजनगृहं आणि भलेमोठे सुइटही मोजलेले असतात. साध्या केबिनच्या प्रवाशाच्या वाट्याला सरासरीपेक्षा कमी येतं. बुकिंग करताना डेकचा नकाशा उघडा आणि सर्वांत वरच्या दोन-तीन मजल्यांवरचा किती भाग तुमच्यासाठी बंद आहे ते बघा. तलावाशेजारी निवांत पडणं हीच तुमची सुट्टी असेल, तर अशा जहाजावर पैसे घालवू नका. दोन-अडीच हजार प्रवाशांचं, माणशी ४५-५०च्या वरचं जहाज शोधा.

शेवटची सकाळ राहिली. साडेसहा ते साडेआठ बुफे आणि लिफ्ट पुन्हा तुंबतात, कारण केबिन लवकर रिकामी करायला सांगतात. बॅगा स्वतः ओढता येत असतील तर पहिल्या गटात चालत उतरा. नसतील तर आदल्या रात्री क्रमांकाची पट्टी लावून बॅगा दाराबाहेर ठेवा, उशिराचा क्रमांक मागून घ्या, आणि बुफेत न जाता मुख्य भोजनगृहात बसून नाश्ता करा. औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे त्या बॅगेत जाऊ देऊ नका.