वास आला का, असं विचारता म्हणून

बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न असतो: "मगे, वास येता मा आता?" मसाल्याची ऑर्डर द्यायला फोन करणारेही शेवटी तेच विचारतात. 'हो' म्हटलं की समोरच्याला हायसं वाटतं. 'नाही' म्हटलं की ओव्याची पुरचुंडी, आल्याचा रस, अमक्या वैद्याचा नंबर सुरू होतो. माझं उत्तर या दोन्हींत बसत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. मलाही कोरोना झाला. माझं नाक चोंदलेलं नव्हतं, सर्दीही नव्हती, तरी वास गेला. नंतर डॉक्टरांनी समजावलं की हा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींना सहसा धरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. आधार गेला की चेतापेशीही गप्प होतात. या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. बहुतेकांचा.

"चव गेली" असं तुम्ही म्हणता, पण माझी जीभ शाबूत होती. त्या दिवसांत केलेलं बांगड्याचं तिखलं मला नीट आठवतं. कोकमाचा आंबटपणा कळत होता, मीठ कळत होतं, मिरचीची आग होत होती. तिरफळाने ओठांना मुंग्यासुद्धा आणल्या, कारण मुंग्या आणि जळजळ यांची वाट वेगळ्या चेतातंतूंतून जाते. फक्त तिरफळाचा वास नव्हता आणि बांगडा नव्हता. तोंडात काहीतरी मऊ होतं, त्याला काटे होते, एवढंच.

मग 16 मेला तौक्ते वादळ आलं. कलमं मोडून पडली, अंगणभर कैऱ्या, फुटलेले फणस. वाडीतली माणसं म्हणत होती की चिकाचा आणि फणसाचा वास डोक्यात चढतोय. मी त्याच अंगणात वाकून कैऱ्या गोळा करत होते आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. पण त्याचं दुःख करायची ती वेळ नव्हती. दादा, म्हणजे माझ्या काकीचा थोरला मुलगा, त्याच लाटेत आठवडाभरापूर्वी गेला होता. मी सगळ्यांना सांगायचे, "जीव राहिला ना, वासाचं काय एवढं!" कोणी मला हे सांगायला लावलं नव्हतं. मला ते मनापासून पटलेलं होतं.

पावसाळ्यात वास परत यायला लागला, पण विकृत होऊन. कांदा-खोबरं भाजायला घेतलं की जळक्या रबरात सडकं मांस घातल्यासारखी घाण यायची. कॉफी, लसूण, अंडं, भाजलेलं काहीही, सगळ्याला तीच. याला पॅरोस्मिया म्हणतात. नव्याने वाढणाऱ्या पेशींची जोडणी विस्कटलेली असते, असं मानतात. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं आणि भाजताना तयार होणारी काही संयुगं अगदी थोडी असली तरी नाकाला कळतात, आणि नेमकी तीच बिघडून येतात. आमचं घर भाजण्यावर चालतं. काकी आणि मी मिळून मालवणी मसाला विकतो.

तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय ते 2022 च्या मे महिन्याबद्दल. त्या वर्षी बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखा घाट घातला होता. मागीलदारी चूल, मोठी कढई, बेडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात तापलेली, सुपांत धणे, लवंग, मिरी, बडीशेप, दगडफूल, नागकेशर. वाडीतल्या बायका निवडायला आलेल्या. धणे कधी उतरवायचे हे आमच्याकडे नेहमी मी सांगायचे. रंग फिरायच्या जरा आधी वास खमंग होतो, तेवढ्यातच कढई खाली घ्यायची. क्षणभर उशीर झाला तर मसाला कडवटतो. दादा गेल्यानंतरची ती पहिलीच भाजणी होती. काकीने मला हाक मारली, "ये गो, बघ."

मी कढईपाशी गेले आणि मला ढवळून आलं. तोंडावर पदर धरून विहिरीपर्यंत पळाले, तिथे ओकले. मागे कोणीतरी हसलं, कोणीतरी "गोड बातमी काय?" म्हणालं. मी परत येऊन ओट्यावर बसले, तेव्हा काकी हातात उलथनं धरून उभी होती. ती म्हणाली, "माज्या हातचा आता तुका नको झाला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पण ज्या बाईचा मुलगा गेलाय, जी त्या वर्षात पहिल्यांदा चुलीपुढे बसलीय, तिला कसं सांगायचं की तुझ्या कढईतून सडका वास येतोय? दुपारी सगळ्यांच्या ताटात वडे-सागोती होती, माझ्या ताटात दहीभात. तो मी मागून घेतला होता. पंगतीत एकीने ऐकवलंच, "लोकांची माणसां गेली, हिचो नुसतो वास गेलो." काकी काही बोलली नाही, आणि आजवर तो विषय तिने काढलेला नाही.

त्या बाईने म्हटलं ते मीच वर्षभर आधी म्हणत होते. म्हणून तिच्याशी भांडता येत नाही, स्वतःशी भांडते. नुसता वास? ज्या घरात मी वाढले त्या घरातलं जेवण मला किळसवाणं झालं होतं. मी आपल्याच माणसांच्या स्वयंपाकघराबाहेर उभी राहायचे. हे नखरे नव्हते. आणि तरीही काकीपुढे बसलं की पुन्हा वाटतं, वासाचं काय एवढं. दोन्ही वाटतं, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

उपाय केला तो एकच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेली वासाची तालीम. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचा, निदान 12 आठवडे. मी त्याहून खूप जास्त काळ केलं. तालमीने झालं की काळाने, मला सांगता येणार नाही.

आज लवंग येते. लिंबू येतं. कांद्याची घाण गेली, पण कांदा पूर्वीचा नाही. कॉफी अजून नको. हापूस देठाशी हुंगून पिकलाय की नाही हे मला सांगता येत नाही, बोटाने दाबून बघते. सिलिंडरचा वास येतो की नाही याचा भरवसा नाही, म्हणून गॅसगळतीचा अलार्म बसवलाय. सुरंगी फुलते तेव्हा गजऱ्यातून काहीतरी गोड येतं, पण ते सुरंगीचं आहे की मला आठवतंय म्हणून येतंय, हे मी ठरवू शकलेले नाही.

धणे मी आता रंगावर आणि तडतडण्यावर ओळखते, आणि बरोबर ओळखते. गिऱ्हाइकांची तक्रार नाही. काकी म्हणते, मग झालं तर, बरी झालीस. मी म्हणते, नाही. यंदाही भाजणीला कढईपाशी तीच बसली, आणि पुढच्या वर्षी कोण बसणार यावर आमचं अजून जमलेलं नाही.