सैपाकघराचं काम सुरू झालं!

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात आज गवंडी आले एकदाचे. मॉड्युलर किचन बजेटात बसत नाही आणि मातीच्या भिंतींना ते शोभतही नाही, म्हणून कट्ट्याला ग्रॅनाइट सोडून काळा कडप्पाच घेतला, शहाबादी फरशी आहे तीच घासून पॉलिश करणार. गवंडीमामा म्हणाले भिंतीला सिमेंट मारू नका, ओल आतच अडकते नि प्लास्टर सुटतं, चुन्याचाच गिलावा करा, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, मला लगेच पटलं बघा. कट्टा मात्र चार बोटं उंच करतोय, आईची कंबर लई दुखते. कौलांत काचेची दोन कौलं बसवली, दिवसाही बल्ब लागायचा तिथं लख्ख उजेड! वायरिंग सगळं नवीन, त्यात काटकसर नाही.