तुम्ही विचारलंत म्हणून: पिठाच्या गिरणीत लेकीला कशाला नेता?

थेरपी सेंटरच्या बाकावरच्या आया विचारतात, सोसायटीतल्या काकू विचारतात: "एवढा खडखडाट, एवढी गर्दी. त्रास होतो ना तिला? अ‍ॅपवरून पीठ मागवा की सरळ."

माझी लेक अकरा वर्षांची आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक). थेरपीच्या खोलीत ती खोट्या नोटा बिनचूक मोजते, "मला पेन द्या" म्हणते. त्याच लेकीला दुकानदाराने "काय पाहिजे?" म्हटलं की उत्तर येतं, "काय पाहिजे?" एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ही अशा बऱ्याच मुलांची अडचण. मग जिथे लागणार तिथेच शिकवावं, इतकं सरळ गणित आहे माझं. दळण घरात लागतंच, त्यामुळे काम खोटं नसतं. शिवाय क्रम ठरलेला: डबा द्या, वजन करा, थांबा, पैसे द्या, डबा घ्या.

आवाजाचं म्हणाल, तर पहिल्यांदा नेलं ते लाइट गेलेली असताना. गिरणी बंद, काका दारात पेपर वाचत बसलेले. तिने वजनकाट्याला हात लावला, पिठाचा वास घेतला, आम्ही परत. मग चालू गिरणीच्या समोरच्या फुटपाथवरून, मग पायरीपर्यंत, कानांवर हेडफोन लावून. हेडफोन आजही असतात आणि ते काढायला लावायचा माझा अजिबात विचार नाही. चष्मा कुणी काढायला लावतं का?

शिकवायला सुरुवात केली ती शेवटाकडून. बाकी सगळं मी करायचे, दळलेला डबा काकांच्या हातून तिने घ्यायचा. थेरपिस्ट याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. पहिल्या दिवसापासून काम तिच्याच हातून पुरं होतं, हा त्याचा मोठा फायदा. मग एकेक पायरी मागे सरकायचं. तिला आवडला तो डबाच. ताजं पीठ गरम असतं, डबा जड. तो छातीशी कवटाळला की एरवी चवड्यांवर चालणारी पोर पूर्ण पाय टेकवून चालते. जड उचलल्याने स्नायूंना, सांध्यांना जोर मिळतो आणि बऱ्याच मुलांना त्याने शांत वाटतं, असं ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडम सांगतात.

एक मात्र पाळा. घरात पीठ शिल्लक असतानाच जा. कधी रांगेतच ती कान दाबून खाली बसते, तेव्हा डबा काकांकडे ठेवून निघता आलं पाहिजे. रात्रीच्या पोळ्या अडल्या असतील तर आपणच चिडतो, आणि मग शिकवणं कसलं!

पैशांपाशी आम्ही बरेच अडलो. तिच्या लेखी दहा रुपये म्हणजे 2018 साली आलेली चॉकलेटी नोट. जुनी नारिंगी नोट म्हणजे दहा नव्हेत, नाणं तर नाहीच. म्हणून मी मुद्दाम बदलून बदलून देते. गिरणीतला पैसे आल्याचं सांगणारा स्पीकर तिचा लाडका, त्याची घोषणा ती त्याच सुरात घरापर्यंत म्हणत येते. घरचे म्हणतात, यूपीआयच शिकव. शिकवेन, पण त्यात हातातून काही जात नाही आणि सुटे परतही येत नाहीत. आधी ते कळू दे.

सगळ्यात जास्त वेळ घेतला काकांच्या एका प्रश्नाने: "बारीक की जाड?" ती दरवेळी "जाड" म्हणायची. विचारल्यावर घाई करायची नाही, मनात दहा अंक मोजायचे, हे मी काकांना सांगून ठेवलं होतं, तरी उत्तर तेच. संशय आला म्हणून त्यांना उलटं विचारायला लावलं, "जाड की बारीक?" बाईसाहेब म्हणाल्या, "बारीक." म्हणजे ऐकलेला शेवटचा शब्द परत येत होता, निवड नव्हतीच. मग काकांनी दोन्ही प्रकारचं चिमूट चिमूट पीठ कागदावर ठेवलं. तिने दोन्हींत बोटं फिरवली, एकीकडचं पुन्हा चोळून पाहिलं आणि कागद काकांपुढे सरकवून त्यावर बोट ठेवलं. जाड.

आता आमच्याकडे जाडसर पिठाच्या पोळ्या होतात. कडेला चिरतात, सासूबाई कुरकुरतात. बारीक हवं असेल त्याने आपलं दळण वेगळं आणावं.