आमची वाटचाल: स्लीव्ह, रस आणि स्पेंट वॉश

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी दोन जुने लेथ टाकले तेव्हा मुख्य काम एकच होतं, साखर कारखान्यांच्या पंपांच्या शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे पंपाचा फिरता दांडा झिजू नये म्हणून त्यावर चढवलेली धातूची नळी. गाळप सुरू झालं की झिजलेल्या स्लीव्ह यायला लागायच्या. गळती रोखायला दांड्याभोवती दाबून बसवलेली दोरी, म्हणजे ग्लँड पॅकिंग, बसतं तिथे नख अडकेल अशी चर. उसाच्या रसाचा पीएच पाच-साडेपाच, त्यात शेतातली माती आणि बारीक भुसा. स्टेनलेसचंही काही चालत नसे. वडील नवी टर्न करून द्यायचे. गिऱ्हाईक पुन्हा येतंय याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे, हेही खरं.

मी आल्यावर बाहेरून एचव्हीओएफ कोटिंग, म्हणजे तापवलेली पावडर प्रचंड वेगाने फवारून बसवलेला थर, करून घेऊ लागलो. टंगस्टन कार्बाइडचे दाणे 12 टक्के कोबाल्टने धरलेले. कडकपणा 1100 व्हिकर्सच्या आसपास, जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर. ग्राइंडिंगला डायमंड व्हीलच लागतं. त्याची किंमत ऐकून वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण रसाच्या पंपात स्लीव्ह अख्खा सीझन चालली.

मग तोच माल एका डिस्टिलरीला दिला. तिथला स्पेंट वॉश म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, गरम, काळपट, पीएच चारच्या आसपास. सात आठवड्यांत स्लीव्ह परत. चर नव्हती, पण पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत. बोट फिरवलं की राखाडी भुकटी लागायची. कार्बाइडला काही झालं नव्हतं, त्याला धरणारा कोबाल्टच आम्लाने खाल्ला होता. पॅकिंग घासतं, सैल झालेला दाणा निखळतो, खालचा ताजा धातू उघडा पडतो, आम्ल तोही खातं. नुसती झीज आणि नुसता गंज वेगवेगळे मोजून बेरीज केली असती तरी एवढं नुकसान निघालं नसतं. आम्ही माल दिला होता तो कडकपणाचा रिपोर्ट बघून, आणि ती टेस्ट कोरड्या तुकड्यावरची. बिल सोडून दिलं.

आता अशा कामाला कार्बाइडबरोबर 10 टक्के कोबाल्ट आणि 4 टक्के क्रोमियम असलेली पावडर वापरतो. क्रोमियममुळे बाइंडरवर, म्हणजे दाणे धरणाऱ्या धातूवर, ऑक्साइडचा पातळ थर धरतो. बारीक छिद्रांतून आम्ल खाली झिरपू नये म्हणून वरून सीलर, आणि कोटिंगखालची स्लीव्ह 316 स्टेनलेसचीच.

नवीन गिऱ्हाईक आलं की त्याच्याच पंपातला कॅनभर द्रव मागवतो. कोटिंग केलेला तुकडा चार दिवस त्यात बुडवायचा, मग त्यातच वाळू टाकून घासायचा. स्पेंट वॉशचा कॅन उघडला की वॉचमन आपली खुर्ची उचलून गेटच्या बाहेर नेऊन ठेवतो.