आमची वाटचाल : जॅम इंजिनं आणि फोर्कलिफ्ट

डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीतून आमची सुरुवात झाली. जनरेटर, पाण्याचे पंप, बोअरच्या गाड्या, जे दारात येईल ते उघडायचं. फोर्कलिफ्टला, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीला, हात लागला तो एका गोदामवाल्यामुळे. त्यांची अडीच टनी (तेवढा माल उचलणारी) गाडी माल लावता लावता बंद पडली आणि इंजिन जॅम झालं, आतून फिरेना. "इंजिन तुम्हीच करता ना, मग काढाही तुम्हीच," म्हणून त्या साहेबांनी काम आमच्या गळ्यात घातलं. काम उभं राहिल्यावर लक्षात आलं, की इंजिनाचा अनुभव इथे निम्माच कामाला येतो. बाकी सगळी कसरत जागेची आणि तोलाची.

ट्रकचं बॉनेट उघडलं की इंजिन समोर दिसतं. फोर्कलिफ्टमध्ये ते ड्रायव्हरच्या सीटखाली दडलेलं. डोक्यावर ओव्हरहेड गार्डचा पिंजरा, पुढे गिअरबॉक्स, मागे रेडिएटर आणि त्याच्याही मागे ओतीव लोखंडाचं काउंटरवेट. अडीच टनी गाडीचं हे मागचं वजन टनाच्या वर भरतं. काही मॉडेलांत गार्ड काढून इंजिन वरून उचलता येतं, काहींत मागचं वजन उतरवल्याशिवाय पानाच आत जात नाही. म्हणून गाडी न बघता फोनवर दर सांगायचं आम्ही लवकरच सोडलं.

वजन उतरवायचं म्हटलं की लोकांचं लक्ष त्याच्या बोल्टवर जातं. आमच्या मिस्त्रींचं लक्ष आधी मास्टकडे, म्हणजे फोर्कचे काटे वरखाली नेणाऱ्या पुढच्या खांबाकडे. ते वजन तिथे असतं मास्ट आणि मालाचा तोल सांभाळायला. ते काढलं की मागचा भाग हलका पडतो आणि गाडी नाकावर येऊ शकते. म्हणून आधी फोर्क पूर्ण जमिनीला टेकवायचे. इंजिन बंद असलं तरी बहुतेक गाड्यांत लिव्हर दाबल्यावर ते स्वतःच्या भारानं खाली येतात. मग चाकांना गुटके, मास्टच्या तळाशी आणि फ्रेमखाली सागाचे ठोकळे, आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून बाजूला. एवढं झाल्यावरच चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावायचा. साखळी ताणली जाते, कडी कडीला घासून कटकटते, वजन फ्रेमच्या खाचेतून बोटभर वर येतं. त्या क्षणी कोणी गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम आहे आणि नव्या पोराला तो पाना हातात देण्याआधी सांगितला जातो.

मात्र खरी अडचण याच्याही पुढची आहे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची फ्लेक्सप्लेट (इंजिनाबरोबर फिरणारी पातळ चकती) टॉर्क कन्व्हर्टरला (तेलातून गिअरबॉक्सला ताकद देणाऱ्या भागाला) बोल्टांनी जोडलेली असते. ते बोल्ट बेल हाउसिंगच्या, म्हणजे या जोडावरच्या कवचाच्या, छोट्या खिडकीतून एकेक करून सोडायचे, आणि पुढचा बोल्ट खिडकीत आणायला क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) फिरवायचा. इंजिन जॅम असेल तर क्रँक फिरणार कसा? खिडकीत आलेला बोल्ट तेवढा सुटतो, बाकीचे आत लपून बसतात. मग मॉडेल बघून ठरवावं लागतं. कधी कन्व्हर्टर इंजिनाला चिकटलेलाच ठेवून गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून मागे ओढून काढतो. तेल सांडतं, ट्रे तयार ठेवायचा, आणि तिरकं ओढलं तर गिअरबॉक्सच्या पंपाचं सील गेलंच समजा. कधी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं बाहेर काढणं स्वस्त पडतं. क्लचच्या गाडीत हा त्रास नाही, प्रेशर प्लेट (क्लच दाबणारी चकती) फ्लायव्हीलवरच (इंजिनाच्या जड चाकावरच) राहते आणि इंजिन शाफ्टवरून सरळ सुटतं. म्हणून क्लचची गाडी आली की आमच्याकडे सगळे जरा खुशीत असतात.

या कामातून धंद्याला एक शिस्त लागली : इंजिन खरंच जॅम आहे का, ते आधी तपासायचं. स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) रिंग गिअरमध्ये (इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात) अडकलं तरी क्रँक हलत नाही. इंजिनावर चालणारा हायड्रॉलिक पंप जाम झाला तरी तेच. सिलेंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलं तर पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण पातळ पदार्थ दाबला जात नाही. म्हणून आधी स्टार्टर सोडायचा, इंजेक्टर काढायचे आणि मग लांब दांडा लावून क्रँक हळूच दोन्ही बाजूंना हलवून बघायचा. जोर लावून नाही. पाणी उडून बाहेर आलं आणि क्रँक फिरला, अशा गाड्या आम्ही इंजिन न काढता परत पाठवल्या आहेत. बिल लहान झालं, पण ती गिऱ्हाइकं टिकली. बराच काळ उभ्या राहिलेल्या, गंजून धरलेल्या गाडीत पातळ तेल सोडून वाट बघण्यात अर्थ असतो. तापून धरलेल्या इंजिनात नसतो, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या लायनरपेक्षा (सिलेंडरच्या आतल्या नळीपेक्षा) साधारण दुप्पट फुगतो आणि दोन्ही एकमेकांना खरवडून बसतात.

तापायचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्येच सापडतं. फोर्कलिफ्टचा पंखा बहुधा हवा मागे ढकलतो, त्यामुळे गोदामातला धुरळा, कापसाचे तंतू, पुठ्ठ्याचा भुसा इंजिनाकडच्या बाजूनं जाळीवर थरानं बसतो. बाहेरून बघणाऱ्याला रेडिएटर स्वच्छच वाटतो. जुनं इंजिन आम्ही मालकासमोर उघडतो, पिस्टन आणि लायनर टेबलावर ठेवतो आणि शेजारी तो थरही खरवडून ठेवतो. रेडिएटर बाहेर काढून धुतल्याशिवाय नवं इंजिन बसवायला आम्ही नकार देतो. यावरून काही कामं हातची गेली, पण अट कायम आहे.

हल्ली बहुतेक कामं आम्ही गिऱ्हाइकाच्या जागेवरच करतो. सुटी होणारी गॅन्ट्री (वजन उचलायची चौकट), स्लिंग (उचलायचे पट्टे), ठोकळे आणि तेलाचे ट्रे टेम्पोत घालून नेतो. जॅम गाडी ओढत आणण्यापेक्षा ते परवडतं. गॅस आणि पेट्रोलच्या गाड्याही आता घेतो. बॅटरीवरच्या गाड्यांची विचारणा वाढते आहे. त्यासाठी एका पोराला मोटर आणि कंट्रोलरचं काम शिकायला पाठवलं आहे.