खाज

दुपारी जेवण उरकून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, बी विंगमधे ढेकूण निघालेत, गाद्या उन्हात घाला. आम्ही ए विंगमधे, मधे अख्खं पार्किंग. तरी मेसेज वाचून संपायच्या आत माझ्या पोटरीला काहीतरी चावलं, मग मानेला, मग जिथे हात पोचत नाही नेमक्या त्या जागी पाठीला. गादी उलटीपालटी केली, काही नाही, हरवलेली एक हेअरपिन तेवढी सापडली.

हा माझा जुना रोग आहे. चौथीत असताना एका मुलीच्या वेणीतून ऊ पडली, सरळ वहीवर, आखीव ओळीवरून चालत निघाली. दहा मिनिटात सगळा वर्ग डोकं खाजवायला लागला, मुलंसुद्धा, ज्यांचे केस सैनिकासारखे बारीक कापलेले. बाई ओरडत होत्या हात खाली, हात खाली, आणि ओरडता ओरडता त्यांनी स्वतःच अंबाड्यात पेन्सिल घालून हळूच फिरवली. मी पाहिलं ते.

म्हणून मला त्या स्ट्रासबर्गच्या, म्हणजे आताच्या फ्रान्समधल्या एका शहरातल्या, लोकांना हसायला जमत नाही. जुलै १५१८, फ्राऊ ट्रोफेआ नावाची बाई घरातून रस्त्यावर आली आणि नाचायला लागली. गाणं नाही, बाजा नाही, सण नाही. दमून पडायची, उठली की परत सुरू. आठवड्याभरात आणखी ३४ जण, महिन्याभरात म्हणे ४००. बरं हे काही पहिल्यांदा नाही, १३७४ मधे जर्मनीतल्या आखेनला आणि ऱ्हाईन नदीकाठच्या गावागावातून असंच झालेलं. कुठल्याशा फ्रेंच मठात तर एक नन मांजरासारखं म्यांव करायला लागली आणि मग सगळ्याच करायला लागल्या असंही सांगतात, पण ही गोष्ट फार नंतर लिहिलेली, त्यामुळे कितपत धरायची ते बघा.

मला खरी गंमत वाटते ती तिथल्या नगर परिषदेची. वैद्यांना विचारलं, ते म्हणाले रक्त तापलंय, नाचू द्या, निघून जाईल. मग काय, कारागिरांचे हॉल मोकळे केले, बाजारात स्टेज बांधलं, ढोल-बासरीवाले पैसे देऊन आणले, पेशंट थांबू नयेत म्हणून त्यांना धरून नाचवायला धडधाकट माणसं नेमली. साथ वाढली हे सांगायला नकोच. मग एकदम यू-टर्न, गाणं बंद नाच बंद. (ढोलवाल्यांचे पैसे मिळाले का त्यांना? मला उगाच काळजी.) आठ वर्षांनी पॅरासेल्सस तिथे गेला आणि त्याने निदान काय केलं, तर ट्रोफेआबाई नवऱ्याला छळायला नाचत होती. एवढा मोठा वैद्य, पण नवरा-बायकोपलीकडे गाडी जाईना.

राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष पोटात गेलं म्हणावं, तर त्याने आचके येतात, दिवसेंदिवस नाचता कुठलं येणार. त्याआधीची काही वर्षं पिकं बुडालेली, धान्य महाग, देवी आणि नवीनच आलेला गरमीचा रोग. त्यात संत व्हायटस कोपला की माणसाला नाचायला लावतो हे तिकडे लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या वर्गाला निदान एक खरी ऊ तरी दिसली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी रडून गोंधळ घातला. आईने गुडघ्यात धरून बसवलं, मांडीवर पांढरा पंचा पसरला आणि बारीक फणीने तासभर केस विंचरले. पंच्यावर काही पडलं नाही. दोनदा दाखवलं तिने मला, बघ, काही नाहीये. तरी विंचरत राहिली, कारण मी थांबू नको म्हणत होते.

स्ट्रासबर्गच्या लोकांना शेवटी गाड्यांत घालून सावेर्नजवळच्या डोंगरातल्या व्हायटसच्या देवळात नेलं. तिथे पायात लाल बूट घातले, बुटांवर तेलाने क्रूस काढले, मूर्तीभोवती फिरवलं. हळूहळू थांबले म्हणे. पण ते बूट चढवले कसे असतील, इतके दिवस नाचून सुजलेल्या, फुटलेल्या पायांत? कुणीतरी खाली बसून, एकेक पाय हातात धरूनच घातले असणार ना.